पिशवीत काय?

सासरी माझ्या माहेरचा पहिला अपमान झाला तो ढोलकीच्या ठेक्यावर. आमचं वऱ्हाड नाशिककडचं. बस मासवणला बंद पडली आणि दुरुस्त होईपर्यंत माझे वडील चार मंडळींना घेऊन टपरीवर चहाला बसले. शिरगावला पोचायला आम्हाला चांगलाच उशीर झाला. मी बसमधून उतरते न उतरते तोच मांडवातून एक उंच, काटक बाई पुढे आली. नाकात मोठी चमकी, कमरेला पदर खोचलेला. तिने थेट माझ्या वडिलांकडे बोट केलं आणि गायला लागली:

व्याही आले, व्याही आले, मासवणला झोपले,
नवरा उभा उन्हात, हे चहाला टेकले!

वडील शाळेचे मुख्याध्यापक. घरात त्यांच्यासमोर कोणी मोठ्याने हसत नसे. इथे सगळा मांडव हसत होता आणि वडिलांच्या कपाळावरची शीर फुगत होती. मला वाटलं, लग्न इथेच मोडतंय. पण जेवणं झाल्यावर तीच बाई मुठीत साखर घेऊन आली, अगदी हळू आवाजात आणखी दोन ओळी गायली आणि वडिलांपुढे चिमूट धरली. वडिलांना मधुमेह होता. तरी त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं, आणि मग हसलेसुद्धा.

ही मथुराकाकी. आमची सख्खी शेजारीण. लग्नात चिडवायचं आणि उठायच्या आधी साखर घालून ते फेडायचं, ही तिच्या आईकडून आलेली रीत. ती म्हणायची, "जिबेनं काढलेलं जिबेनंच पुसायचं. मांडवातलं मांडवात राह्यलं पायजे." साखरेची ओळ गायल्याशिवाय ती कुठल्याच लग्नातून उठली नाही. एकदा पाऊस आला, मांडव पळाला, तर ही भिजत विहिणीच्या मागे गाडीपर्यंत गेली होती.

तिची वाडी आमच्या कुंपणाला लागून. पानवेल, मोगरा, थोड्या मिरच्या. पाणी शिंपता शिंपता ती गाणी रचायची. वायरमनवर, पोस्टमनवर, माझ्या करपलेल्या भाकरीवर. ओळ सुचली की कुंपणावरून मोठ्याने म्हणून टाकायची आणि पुन्हा विषय काढायची नाही. दोन-चार दिवसांनी आमच्यापैकी कोणी भांडी घासताना नकळत तीच ओळ गुणगुणली, तर काकी पलीकडून खूश होऊन म्हणायची, "ही ठेवायची." नाही गुणगुणली तर टाकून द्यायची. मी एकदा म्हटलं, काकी, चांगल्या ओळीही फुकट जातात अशा. तर म्हणाली, "बनवायचं आपण, पण ठेवायचं का टाकायचं ते शेजारी ठरवतात. आपला हुकूम चालत नाय तिथं."

तिच्या प्रीतीचं लग्न कुंभवलीच्या घरात ठरलं. मुलीच्या आईने त्या दिवशी तरी गप्प बसावं असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण विहिणीची पंगत बसली आणि काकीचा पदर खोचला गेला. विहीण कमलाबाई. ठेंगण्या, गोऱ्या, सतत काहीतरी करणाऱ्या. त्यांच्या खांद्याला निळ्या चौकटीची भलीमोठी कापडी पिशवी होती. तिच्यात पिना, सुईदोरा, ओवा, बाम, बिस्किटं, कुणाच्या तरी नातवाचा कोरडा फ्रॉक, असं सगळं होतं. दुपारपर्यंत मांडवातल्या निम्म्या बायकांनी त्या पिशवीतून काही ना काही मागून नेलं होतं. माझ्या साडीची पिनही त्यातलीच. अशी पिशवी काकीच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

कमलाबाय, कमलाबाय, पिशवीत काय?
लाडू हाय का जिलबी हाय, सांगत नाय!
पंगत उठली, वाटी गेली, कुठं ती हाय?
कमलाबाय, कमलाबाय, पिशवीत काय?

सगळ्यात जास्त हसल्या त्या कमलाबाईच. त्यांनी पिशवी छातीशी घट्ट धरून चोर असल्याचा आवही आणला. शेवटी काकी साखर घेऊन पुढे बसली आणि तिने उत्तर दिलं:

पिशवीत हाय साखर गो, तोंड करू गोड,
हासण्यासाठी बोलली मी, मनातनं सोड.

दोघींनी एकमेकींना साखर भरवली. इथे ते संपायला हवं होतं.

कुणीतरी मोबाइलवर ते गाणं घेतलं होतं. फक्त पहिलं. साखर निघेपर्यंत त्याने मोबाइल खिशात टाकला असणार. मग कुणीतरी त्याखाली बॅन्जोचा ठेका भरला, आणि थंडी सरायच्या आत ते हळदी-हळदीतून वाजू लागलं. पालघरच्या शेअर रिक्षात नवी सवारी बसली की ड्रायव्हर विचारू लागले, "पिशवीत काय?" मी तारापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते. आमच्या गेटवरचा वॉचमन गोरखपूरकडचा. संध्याकाळी बॅगा तपासताना तोही म्हणू लागला, "थैली में क्या है, कमलाबाय?" त्याला ना कमलाबाई माहीत, ना कुंभवली. बोईसरच्या एका कापडवाल्याने तर पिशव्यांवरच ते छापलं आणि त्या धडाधड खपल्या.

सुरुवातीला काकी फुशारली. "माजं गानं डहाणूला पोचलं, मी अजून नाय पोचली," असं सगळ्यांना सांगायची. मग एक दिवस प्रीती आली आणि ओट्यावर बसून रडायलाच लागली. गल्लीतली पोरं सासूच्या मागे ओरडत फिरतात. भाजीवाला वजन करता करता विचारतो. आणि परवा एका नात्यातल्या हळदीत कुणा पिऊन आलेल्या तरुणाने कमलाबाईंची पिशवी हिसकून सगळ्यांसमोर उलटी केली. पिना, ओवा, बामची बाटली, सगळं जमिनीवर. लोक हसले. कमलाबाईंनी एकेक पिन वेचली, घरी येऊन पिशवी माळ्यावर टाकली आणि लग्नकार्याला जाणंच बंद केलं. प्रीतीला त्यांनी शब्दानेही दुखवलं नव्हतं. तेच प्रीतीला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकी मला घेऊन कुंभवलीला गेली. कमलाबाईंनी चहा केला, माझ्या मुलाची चौकशी केली. काकीने माफीचा शब्द काढताच त्यांनी हात वर करून थांबवलं.

"तुमी गायलात त्याचं मला वाईट नाय वाटलं. मी पण हसली. साखर खाल्ली ती काय खोटी नाय." मग म्हणाल्या, "पण मांडव कदीच सुटला, विहीणबाय. गानं सुटत नाय."

परतताना रिक्षात काकी साखरेचीच ओळ पुटपुटत होती.

मग ती कामाला लागली. तिने ठरवलं, पहिलं जसं गेलं तशी साखरेची ओळही लोकांपर्यंत पोचवायची. पुतणीला मोबाइल धरायला लावून नवी साडी नेसून ती ओळ गायली. पाहिली घरच्यांनी आणि मी. प्रत्येक हळदीत ती गाऊ लागली, तर लोक त्या वेळी जेवायला उठायचे. शेवटी बोईसरच्या बॅन्जो पार्टीच्या बाळूकडे गेली. बाळू भला माणूस. त्याने वाजवून पाहिलं आणि मान हलवली. काकी, यावर पाय उचलत नाही, तो म्हणाला. लोकांना तीच हवी, पिशवीवाली.

काकीने बरेच दिवस त्यावर विचार केला. वाडीत पाणी शिंपायची, पण गात नव्हती. एका सकाळी कुंपणाशी आली आणि म्हणाली, "त्यांना साखर नको हाय, पोरी. त्यांना कोनाचं तरी नाव पायजे. मग घ्या की माजं."

आणि तिने तिथेच म्हणून दाखवलं:

मथुराबाय, मथुराबाय, पिशवीत काय?
दुसऱ्याचं लाडू खाती, लाजत नाय!
गळा फाटका, ढोल फुटका, थांबत नाय,
मथुराबाय, मथुराबाय, पिशवीत काय?

ज्या बाईला विहिणीच्या पंगतीत मानाने पाट मांडला जायचा, ती स्वतःला लाडूचोर म्हणवून घेत होती. पण खरं सांगायचं तर हे गाणं पहिल्यापेक्षा चांगलं होतं. 'गळा फाटका' म्हणताना ती मुद्दाम आवाज फाडायची. संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी तेच गुणगुणत होते. पलीकडून आवाज आला, "ठेवायची."

त्या मोसमात काकीने एक हळद सोडली नाही. शिरगाव, मासवण, बोईसर, आमंत्रण असो नसो. डोक्यावर पिशवी घेऊन, कंबर हलवत ती मधोमध नाचायची आणि प्रत्येक फेरीला स्वतःचं नाव घ्यायची. जिथे कुणी 'कमलाबाय' सुरू करी तिथे ती दुप्पट आवाजात 'मथुराबाय' म्हणायची. साठी उलटलेली बाई अशी नाचते म्हटल्यावर मोबाइल वर निघायचेच. तिचा मुलगा संदेश चिडला. लोक तुला चोर म्हणतात आणि तू नाचतेस, म्हणाला. काकी त्याला शांतपणे म्हणाली, "त्या बायचा काय गुन्हा होता? मी निदान गानं तरी केलंय."

मोसम संपेपर्यंत कमलाबाय पुसली गेली. आता रिक्षावाले मथुराबायला विचारत होते, आमचा वॉचमनही. बाजारात कुणी ओळखलं तर काकी खरोखर पिशवी उघडून दाखवायची, "वांगी हायत बाबा, घे एक." पण बहुतेकांना ती ठाऊकच नव्हती. बोईसरच्या एका हळदीत मी तिच्या सोबत होते. ते गाणं लागलं आणि नाचायला आलेली पोरं तिला म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हा, मथुराबाय लागलंय." काकी बाजूला झाली. कुणाच्या तरी मोबाइलवर मी पाहिलं, गाण्याखाली लिहिलं होतं, पारंपरिक. मला संताप आला. काकीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बरं झालं. म्हंजे आता कोनाचंच नाय."

कमलाबाई पुन्हा बाजारात जाऊ लागल्या, हे प्रीतीकडून कळायचं. पण पिशवी माळ्यावरून उतरली नाही आणि त्या शिरगावलाही आल्या नाहीत. सणावाराला निरोप यायचे, माणूस यायचं नाही. काकी वाट पाहायची. तसं बोलायची नाही, पण कुंभवलीकडचं कोणी आलं की विहीण कशी आहे हे दोनदा विचारायची.

पुढच्या वर्षी काकी गेली. छातीत दुखतंय म्हणाली, पालघरला नेलं, आणि परत आणली ती तशीच. कमलाबाई आल्या, प्रीतीजवळ बसून राहिल्या, काही न बोलता गेल्या. मला त्यांचा राग आला होता. एवढं सगळं जिच्यासाठी केलं तिला एक शब्द बोलता आला नाही, असं मी घरी म्हणालेसुद्धा.

गेल्या हिवाळ्यात संदेशची हळद झाली, काकीच्याच अंगणात. संध्याकाळी कुंभवलीची मंडळी आली आणि मागून कमलाबाई उतरल्या. त्यांच्या खांद्याला निळ्या चौकटीची पिशवी होती.

बाळूचाच बॅन्जो होता. पोरांनी फर्माईश केली आणि त्याने सवयीने 'मथुराबाय' सुरू केलं. दोन ठेके वाजल्यावर आपण कुणाच्या दारात वाजवतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा हात थांबला. प्रीती मान खाली घालून उभी होती.

"वाजव रे," कमलाबाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत वाजव."

त्याने वाजवलं. सुरुवातीला कुणी नाचलं नाही. मग कमलाबाईच पुढे झाल्या आणि पिशवी डोक्यावर घेऊन, काकीसारखीच कंबर हलवत एक फेरी नाचल्या. मग सगळेच नाचले, संदेशही. गाणं संपलं तसं त्यांनी हाताने बॅन्जो थांबवला, पिशवी खाली ठेवली आणि तिच्यातून साखरेची पुडी काढली. आवाज बेसूर, श्वास लागलेला.

पिशवीत हाय साखर गो, तोंड करू गोड,
हासण्यासाठी बोलली मी, मनातनं सोड.

ही ओळ त्या लग्नानंतर काकीशिवाय कुणीच लक्षात ठेवली नाही असं मला वाटलं होतं. त्यांनी प्रीतीच्या तोंडात साखर घातली. म्हणाल्या, "तुज्या आयसला घालायची राह्यली. उशीर केला मी." प्रीती त्यांच्या गळ्यात पडली. मी रडले हे सांगायला मला लाज वाटत नाही.

कुणी ते मोबाइलवर घेतलं की नाही, मला माहीत नाही. घेतलं असेल तरी फार लांब गेलं नसणार. थोड्या वेळाने हळद लावायची गडबड सुरू झाली आणि नवरीकडची एक मुलगी पदर धरून आमच्याकडे आली. काकू, एखादी पिन असेल का, तिने विचारलं. कमलाबाईंचे दोन्ही हात हळदीने भरले होते.

"पिशवीत बघ," त्या म्हणाल्या.