एकशे बारा मुक्काम

संगमनेरहून सकाळी सातची एस.टी. धरली तेव्हा मी भलताच खुशीत होतो. एरवी पिंपरी-चिंचवडकडे निघालो की खांद्यावर वजनांची जड पेटी असते, कारण कारखान्यांतले वजनकाटे तपासणं हा माझा धंदा. या खेपेला पेटी घरीच ठेवली होती. बॅगेत इस्त्रीचा सदरा होता आणि खिशात चार ओळींचं भाषण. थेरगावात माझा सत्कार होणार होता.

सत्कार कशाबद्दल, हे सांगताना आता जीभ अडखळते. एका हॉटेलवाल्यांकडे मी एकशे बारा वेळा मुक्काम केला होता. त्यांनी पहिली शाखा चाकणच्या एमआयडीसीजवळ काढली, दुसरी पिंपरीत संत तुकाराम नगरला, मग आणखी दोन, आणि आता पाचवी थेरगावच्या डांगे चौकात. मी पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. काम भोसरीत असलं तरी उलटा चाकणला जाऊन त्यांच्याकडेच उतरायचो. माझा बिनसाखरेचा चहा त्यांना ठाऊक, जादा उशी ठाऊक. घरी मला एवढं कुणी विचारत नाही, असं मी बायकोला चिडवायचो.

नारायणगावला गाडी थांबली. सकाळी सकाळी मासवडी (बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी) आणि झणझणीत रस्सा खाण्याचा आगाऊपणा केला. तो रस्सा पँटवर सांडला. नळावर धुतला, तर डाग दुप्पट पसरला. मांडीवर बॅग ठेवून झाकायचं ठरवलं आणि पुन्हा खिडकीशी बसलो.

चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधून दुचाकीवाले वाट काढत होते. शेजारी लातूरकडचा एक कामगार बसला होता. वैतागायचं सोडून तो निवांत शेंगा सोलत होता. म्हणाला, "अर्धी शिफ्ट हितंच भरते आमची." मला मूठभर शेंगा दिल्या. कुठं निघालात, म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा मी सत्काराचं सविस्तर सांगितलं. हॉटेलात राहिल्याबद्दल सत्कार होतो, हे ऐकून त्यानं मला आणखी मूठभर शेंगा दिल्या.

नाशिक फाट्याला उतरून रिक्षा केली. थेरगावात माझी धाकटी बहीण शारदा राहते, डांगे चौकापासून चालत दहा मिनिटांवर. हे मी इतक्या उशिरा सांगतो आहे, कारण सकाळपासून मीही ते मनात लांबच ठेवलं होतं.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत मी तिच्याकडेच उतरत होतो. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात ती, दाजी आणि दोन मुली. मला पलंग मिळायचा आणि दाजी सेकंड शिफ्ट करून येऊन जिन्याच्या कडेला पथारी टाकायचे. पहाटे पाण्याची गडबड, संडासाला रांग. माझ्यामुळे त्यांना त्रास नको, असं मी स्वतःला बजावलं आणि हॉटेल धरलं. खरं कारण म्हणजे मला पांढऱ्या चादरी आवडल्या. शारदाला मात्र सांगायचो की कामाला येतो आणि त्याच दिवशी परत जातो. तिला ते पटायचं. माझी फार धावपळ होते म्हणून ती हळहळायची.

काळेवाडी फाटा ओलांडून रिक्षा चौकात आली आणि रिक्षावाल्या चाचांनी ब्रेक मारला. वाढदिवसाच्या आणि भावी नगरसेवकांच्या फ्लेक्समध्ये एक फ्लेक्स माझा होता. माझा चेहरा रिक्षाएवढा. खाली लिहिलं होतं : 'आमच्या परिवाराचे निष्ठावंत पाहुणे. ११२ मुक्काम.' शेजारी सत्काराची तारीख आणि वेळ. चाचा एकदा वर बघत, एकदा मागे वळून माझ्याकडे बघत. "काय राव, इलेक्शनला उभे का?" मी हसलो आणि मान आत घेतली. शारदा रोज याच चौकातून भाजी नेते.

मॅनेजर तरुण होता, आदबशीर. फ्लेक्स उतरवता येईल का, असं मी त्याला हळूच विचारलं. तो म्हणाला, चार दिवस झाले लावून, फोटो वापरायच्या परवानगीच्या फॉर्मवर तुमचीच सही आहे, आणि फोटो तर छान आलाय. त्याच वेळी उठून शारदाकडे जायला हवं होतं. दहा मिनिटांची तर वाट. पण सदरा बदलायचा होता, पाहुणे जमत होते. या शहरात इतके फ्लेक्स, कोण मान वर करून बघतं, अशी मी मनाची समजूत घातली. कार्यक्रम झाल्यावर जाऊ, असं ठरवलं. सत्काराचा मोह सुटला नाही, हे सरळ कबूल करतो.

शाल आली, श्रीफळ आलं, टाळ्या झाल्या. मॅनेजरनं माईक माझ्यापुढे धरून विचारलं, इतक्या वर्षांत दुसरीकडे कुठं राहावंसं वाटलं नाही का, या शहरात नातेवाईक वगैरे नाहीत का? खिशातलं भाषण मी विसरलो होतो. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि मलाही त्या कौतुकाची नशा चढली होती. मी म्हणालो, "या शहरात माझं आहे कोण? तुम्हीच माझे घरचे."

जोरात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मला काचेच्या दाराशी उभी असलेली शारदा दिसली. लग्नकार्यात नेसते ती जांभळी साडी नेसली होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला हार होता. आमची नजरानजर झाली. तिनं पदर सावरला आणि ती बाहेर गेली. मी मात्र शाल पांघरून फोटोसाठी उभाच राहिलो. पाच मिनिटं तरी उभा होतो. आजही मला सगळ्यात जास्त लाज त्या पाच मिनिटांची वाटते.

खाली आलो तर वॉचमननं झेंडूचा हार माझ्या हातात दिला. एक ताई देऊन गेल्या, म्हणाला. फोटोतल्या साहेबांना द्या, असं सांगून गेल्या.

मी जवळजवळ पळतच तिच्या घरी गेलो. दार दाजींनी उघडलं. त्यांनी नेहमीसारखं हसून आत घेतलं, त्यानं मला आणखीच मेल्यासारखं झालं. शारदा नट-बोल्ट पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला जाते. आज तिनं रजा टाकली होती, हे दाजींकडून कळलं. चार दिवस ती गल्लीतल्या बायकांना चौकात नेऊन माझा फोटो दाखवत होती.

तिनं चहा आणला. पाहुण्यांसाठी काढतात त्या कपबशीत. मी चुकलो, असं म्हणालो.

"एकशे बारा वेळा कुणी चुकत न्हाई, दादा," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. माझ्याकडे न बघता पलंगावरची चादर नीट करत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कंपनीच ठेवती ना तुला तिथं? तुझा काय इलाज नसंल. मी बायांना तसंच सांगितलंय."

तिनं माझ्यासाठी सबब शोधून ठेवली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. सहा वर्षं मी इतकं खोटं बोललो होतो की आणखी एकानं काही बिघडलं नसतं. पण तिनं चार दिवस जी सबब इतक्या विश्वासानं गल्लीभर सांगितली होती, ती वापरायचं माझ्याच्यानं झालं नाही.

"नाही," मी म्हणालो. "मला कुणी ठेवत नाही. मीच जातो. मला तिथं बरं वाटतं."

दाजी उठून बाहेर गेले. शारदानं मान हलवली. आज इथं राहू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आज नको." मग ताटात भाजी-भाकरी वाढली, मी जेवेस्तोवर समोर बसून राहिली आणि गाडीची वेळ झाली तेव्हा दारापर्यंत आली. हॉटेलात माझी खोली फुकट राखून ठेवलेली होती. तिकडे फिरकलो नाही.

चारची एस.टी. मिळाली. मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, सगळं डोळ्यांपुढून गेलं पण काही दिसलं नाही. साडेआठला घरी आलो. बायकोनं शालीचं कौतुक केलं. मी फोन घेऊन ओट्यावर बसलो. गेली सहा वर्षं माझ्या प्रत्येक खेपेला शारदा या सुमाराला फोन करून विचारायची, पोचलास का? आणि मी हॉटेलच्या पलंगावर पाय पसरून सांगायचो, हो, आत्ताच आलो घरी. मग ती निर्धास्त होऊन जेवायला बसायची.

आज मी खरोखर घरी पोचलो होतो. फोन आला नाही. वाट बघून मीच 'पोचलो' असा मेसेज पाठवला. तिनं तो लगेच वाचल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही. तिच्या जागी मी असतो, तर मीही विश्वास ठेवला नसता.