कावूनखालची टिंबं

माझ्या कवितेचं प्रूफ माझ्याच हातात आलं, आणि त्यात माझ्या बापाचा शब्द लाल शाईनं खोडलेला होता. एकदा नाही, दोनदा. वर दुसरा शब्द लिहिलेला, सुवाच्य, गोल अक्षरात.

तेव्हा मी पुण्यातल्या एका छापखान्यात होतो. सातवी झाल्यावर शाळा सुटली, म्हणजे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर गेले आणि मीही गेलो, परत आलो तर पटावरून नाव कमी झालेलं. गावचा एक जण पुण्याला बायंडिंगच्या कामाला होता, त्याच्यासोबत आलो. मालकांनी ठेवून घेतलं. वरच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला शिकवलं. आजही त्यांचं वाईट बोलताना जीभ जड होते. उपकार माणसाला असाच आवळून ठेवतो. भांडायला तोंड उघडलं की आधी त्यांनी पहिल्या हिवाळ्यात दिलेलं घोंगडं आठवतं.

कविता मी शाळेत शिकलो नाही. खिळे जुळवता जुळवता शिकलो. छापायचं सगळं उलटं लावावं लागतं, त्यामुळं लोकांच्या कविता मी आधी उलट्या वाचल्या, बोटांनी वाचल्या. कुठल्या कवीला कुठलं अक्षर लई लागतं ते मला त्या अक्षराचा खण रिकामा व्हायला लागला की कळायचं. एकाच्या कवितेत ‘ह’ संपायचा, हाय हाय फार करायचा तो. पुढं कॉम्प्युटर आला. सगळे खिळे शिशाच्या भावानं गेले, पोत्यात भरून मीच टेम्पोत चढवले. दोन जुळारी घरी बसले. मला मालकांनी प्रुफं तपासायला आणि ने-आण करायला ठेवलं. ‘तुझी नजर बारीक आहे,’ म्हणाले. त्या दिवसापासून मी रोज घाबरून होतो. एखादी वेलांटी सुटली तर मीही शिशासारखा जाईन, असं वाटायचं. छापून झालेला कागदसुद्धा पुन्हा तपासायचो.

देशाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होणार होती, आणि आमच्याकडं नेहमी काम देणारे एक निवृत्त प्राध्यापक गुलामी आणि स्वातंत्र्य या विषयावर कवितासंग्रह काढत होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. कामकरी माणसांच्याही कविता घ्यायच्या, असं त्यांच्या मनात होतं. मालकांनी माझी कवितांची वही त्यांच्या पुढ्यात सरकवली. सरांनी एक निवडली. मी वाकून पाया पडलो त्यांच्या. तेही खोटं नव्हतं.

कविता माझ्या बापाची होती. तो सोळा-सतरा वर्षांचा असताना निजामाचा एक अंमलदार दौऱ्यावर आमच्या गावाला, सिरसाळ्याला आला. परत जाताना त्याचं बिछान्याचं ओझं परळीच्या स्टेशनापर्यंत न्यायला गावातून वेठीला माणूस धरायचा होता. माझा बाप सापडला. साहेब एका घोड्यावर, आणि दुसरा घोडा मोकळाच सोबत चाललेला. बापानं डोक्यावरच्या वळकटीखालून त्या मोकळ्या घोड्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘कावून?’

आमच्याकडं कावून म्हणजे का. दुसरं काही नाही. सोबतच्या जमादारानं डाव्या कानाखाली मारली. तो कान तेव्हापासून गेला. माझ्या लहानपणी गावातली पोरं त्याला कावूनबुवा म्हणायची, कारण त्यानं विचारणं काही सोडलं नव्हतं. ग्रामसेवकाला कावून, डॉक्टरला कावून, देवळाच्या पायऱ्या सातच कावून.

कवितेत मी लिहिलं होतं:

घोडा मोकळा चालतोय,
वळकटी माझ्या बापाच्या डोईवर,
निजामाचा साहेब मागं बघत नाही.
बाप एवढंच म्हणाला, कावून.

मग एस.टी.त बसून पुण्याला आलेला मी, आणि शेवटी:

आता वळकटी माझीच, डोकंही माझंच,
तरी विचारतो, कावून.

प्रुफात ‘कावून’च्या जागी दोन्हीकडं ‘रागावून’ झालं होतं. आणि ‘निजामाचा साहेब’ याचं ‘गोरा साहेब’.

आधी वाटलं, माझंच चुकलं असेल. सातवीवाल्याला हेच आधी वाटतं. प्रेसमधला जाडजूड शब्दकोश काढला. त्यात ‘कावणे’ होतं. त्रासणे, चिडणे. म्हणजे कावून म्हणजे चिडून. कोशाप्रमाणं सरांचं बरोबर होतं, त्यांनी फक्त अवघड शब्दाचा सोपा केला होता. आमचं कावून त्या कोशात नव्हतंच. मी ते पान दोनदा बघितलं, नजर बारीक आहे म्हणून.

मग हळूहळू डोकं तापायला लागलं. ‘बाप एवढंच म्हणाला रागावून.’ एवढंच म्हणजे केवढं? काय म्हणाला, ते कवितेत कुठंच राहिलं नाही. माझा बाप रागावला नव्हता. रागावण्याची त्याची ऐपतच नव्हती. त्यानं एक प्रश्न विचारला, सगळ्या आयुष्यात नावाजण्यासारखं तेवढंच केलं, त्यासाठी कान दिला, आणि पुण्यातल्या एका लाल पेनानं तो प्रश्न काढून घेतला. वर त्याला रागीट ठरवलं.

दुपारी दुसरी प्रुफं द्यायच्या निमित्तानं सरांकडं गेलो. सरांच्या घरच्या बाईंनी पाणी दिलं. सर झोपाळ्यावर होते.

‘या या. वाचलीत? आता कशी बांधेसूद झालीय.’

‘सर, ते कावून म्हणजे का.’

‘का?’

‘हां. का.’

‘नाही हो, मी विचारतोय, का म्हणजे काय?’

‘का म्हणजे कावून, सर.’

बाई आतून हसल्या. सरांनाही हसू आलं, मलाही आलं, आणि हसलो याचाच मला नंतर जास्त राग आला. सरांना कळलं शेवटी. मान हलवून म्हणाले, ‘गोड आहे. पण सांगलीच्या, पुण्याच्या वाचकानं काय करायचं? आणि प्रत्येक कवितेखाली मी टीप देत बसलो तर पाठ्यपुस्तक होईल.’

‘आणि निजाम, सर?’

‘हे बघा, आपला विषय देशाची गुलामी. इंग्रजांची दीडशे वर्षं. त्यात मधेच निजाम आला की वाचक अडखळतो.’

‘आमच्याकडं इंग्रज आलाच न्हाई, सर.’

‘अहो, पण निजाम कुणाच्या जिवावर होता? इंग्रजांच्याच ना? मग मुळाशी गोरा साहेबच.’

हे खरं असेल. सर शिकलेले होते, मुळाशी काय असतं ते त्यांना दिसत होतं. मला फक्त वळकटी दिसत होती. मी म्हणालो, हे झालं तेव्हा दिल्लीत झेंडा लागून वर्ष होत आलं होतं, आमच्याकडं तो तेरा महिन्यांनी लागला. सर म्हणाले, ‘बघा, म्हणजे तेव्हा देश स्वतंत्रच झालेला होता.’

‘देश झालता, सर. आमी न्हवतो झालो.’

सर झोपाळा थांबवून म्हणाले, ‘वा. हे वाक्य द्या मला. प्रस्तावनेत घेतो.’ आणि डायरी काढून लिहून घेतलं. माझ्यादेखत. ‘झालता’चं ‘झाला होता’ करून.

माझ्या बोलण्यातलं वाक्य त्यांना चाललं, त्या वाक्यामागचा माणूस कवितेत चालला नाही. जिना उतरून खाली आलो. पुन्हा वर गेलो. दार वाजवायचं म्हणून नाही, प्रुफांचं पाकीट झोपाळ्याशेजारीच ठेवलं ना, हे दाराच्या फटीतून बघायला.

मालकांना सांगितलं तर ते वर न बघता म्हणाले, ‘अरे, पुस्तकात नाव येतंय तुझं. माझं आयुष्य गेलं पुस्तकं छापण्यात, माझं आलं का कुठं? एका शब्दावरून काय घेऊन बसलास?’

‘शब्द बापाचा आहे.’

‘बाप वाचणार आहे का?’

बापाला मी दादा म्हणायचो. दादाला वाचता येत नव्हतं, हे मालकांना माझ्याकडूनच माहीत होतं. मग ते म्हणाले, ‘सरांमुळं कॉलेजचं सगळं काम येतं आपल्याकडं. तुला कळत नाही असं नाही.’ कळत होतं. त्या कामावरच माझी बारीक नजर पोसली जात होती.

प्रुफात एखादी दुरुस्ती रद्द करायची असेल तर खोडलेल्या शब्दाखाली टिंबं देतात आणि समासात ‘तसेच’ लिहितात. टिंबं असली की कॉम्प्युटरवाल्या ताई मूळ शब्द राहू देतात, कुणी दिली ते विचारत नाहीत. शेवटचं प्रूफ माझ्याच हातून जायचं होतं. मी खिशातून लाल पेन काढलं. ‘कावून’खाली टिंबं दिली. दुसऱ्या ‘कावून’खालीही दिली. समासात ‘तसेच’ लिहिलं, होईल तेवढं सरांच्या अक्षरासारखं गोल.

मग पेन ‘निजामाचा’वर आलं.

तिथं हात थांबला. हिशोब केला मी. एवढासा ‘कावून’ कुणाच्या डोळ्यांत येणार नाही. निजाम येईल. सर पान उघडतील आणि पहिला तोच दिसेल. पेनला टोपण लावलं आणि कागद ताईंकडं दिला.

पुस्तक निघालं. सभागृहात कार्यक्रम झाला, आणि सरांनी मला ‘कामगार कवी’ म्हणून उभं केलं. माझी कविता त्यांनी स्वतः वाचली. ‘कावून’ आलं तसे क्षणभर थांबले. मला वाटलं, सापडलो. पण त्यांनी मूठ आवळली, भुवया चढवल्या आणि असं काही ‘कावून!’ म्हणाले की पहिल्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. त्यांना तो चिडूनच वाटला. झोपाळ्यावर समजावलेलं सगळं विसरून गेले होते. मी चोरी केली ती कुणाच्या लक्षातसुद्धा आली नाही. पकडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या टाळ्यांत वाटलं.

चार दिवसांची सुट्टी घेऊन गावाकडं निघालो. आष्टीला गाडी थांबली की माझं ‘आहे’चं ‘हाय’ होतं, आपोआप होतं. पिशवीत पुस्तकाच्या दोन प्रती होत्या.

दादा दारात बाजेवर बसला होता. शेजारचा त्याचा जुना सोबती आला होता, दोघं तंबाखू मळत होते. मी उजव्या अंगाला बसलो, चांगल्या कानाच्या बाजूला, आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. घोडा आला तसा दादा सरसावून बसला. वळकटीला मान डोलावली. गोऱ्या साहेबापाशी त्याचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मग ‘कावून’ आलं. दादा सोबत्याकडं बघून हसला. बोळकं हसलं. पुस्तकात आपला शब्द आहे, हे त्याला कळलं. तेवढ्यासाठी मी त्या टिंबांचे आजही आभार मानतो.

वाचून झालं. दादानं विचारलं, ‘मदी काय वाचलास तू? कोन सायब?’

‘गोरा.’

सोबती म्हणाला, ‘पुन्याला जाऊन बापाला इंग्रज दावला बे यानं.’

‘गोरा कावून?’ दादा म्हणाला. ‘सायब तर आपल्यावानीच हुता, उनानं रापलेला. आन सायबानं कुटं मारलं? मारनारा जमादार आपल्याच गावचा. त्याच्या मयताला मी गेलतो. गोरा कुटनं आनलास?’

‘मी न्हाई आनला. पुस्तक काढनाऱ्या सरांनी केला तसा.’

‘तुजं लिवल्यालं खोडून?’

‘हां.’

दादानं पुस्तक हातात घेतलं, उलटं सुलटं केलं. मला सरांचा राग येत होता, मालकांचा येत होता, त्या कोशाचा येत होता. सगळं दादाला सांगावं म्हणून मी शब्द जुळवत होतो. त्यांना कसं समजावलं, का म्हणजे कावून, कावून म्हणजे का, किती वेळा सांगितलं. जुळवता जुळवता लक्षात आलं की सांगितलं खरं, अर्थ सांगितला, पण विचारलं एकदाही नाही. आणि नेमकं तेव्हाच दादानं पुस्तक मिटून माझ्याकडं मान वळवली.

‘मग तू म्हनलास का त्यास्नी, कावून?’

मी उठलो. पाणी प्यायला म्हणून बाजेच्या पलीकडनं वळसा घालून गेलो.

‘न्हाई,’ म्हणालो. डाव्या कानाच्या बाजूनं म्हणालो.