बिनवासाचा गुच्छ

तोंडात सतत टाचण्या धरून काम करायची म्हणून तिला सगळे टाचणी म्हणायचे. भाचरं टाचणीआत्या म्हणायची. फुलबाजारातले लोक टाचणीताई म्हणायचे. ओठांच्या फटीत टाचण्या, दातांखाली तारेचा तुकडा, आणि तशातच ती बोलायची, "हं", "अं", "तिकडं ठेव", आणि ज्यांना सवय होती त्यांना ते बरोबर कळायचं. लग्नाच्या हॉलमध्ये कमानी बांधायच्या, टेबलांवरची फुलं रचायची, नवरीचा बुके आणि करवल्यांचे छोटे गुच्छ करायचे, हे तिचं काम. आणि काम असं की लोक आधी फुलं ठरवायचे, मग त्यांना शोभतील असे कपडे घ्यायचे. एकदा एका नवरीला तिने नुसत्या गवताच्या तुऱ्यांचा आणि जांभळ्या कोबीच्या पानांचा बुके करून दिला होता. सासूबाईंनी नाक मुरडलं, "लग्न आहे का मंडई?" आणि मग त्याच सासूबाई दिवसभर तो बुके हातात घेऊन फोटो काढत फिरल्या.

पण आजचं काम वेगळं होतं, कारण आजची नवरी तिची भाची होती. दादाची एकुलती एक मुलगी. आणि त्या मुलीला दमा होता.

साधासुधा नाही. वासाने उसळणारा. पोर लहान असताना आत्याच्या कामाच्या टेबलाखाली बसून गळून पडलेल्या पाकळ्या गोळा करायची. एके दिवशी निशिगंधाच्या ढिगाशेजारी तिचा श्वास असा काही अडकला की ओठ निळे पडले. टाचणी तिला उचलून रस्त्यावर धावली होती, अनवाणी. तेव्हापासून ती पोर फुलं बघायची ती काचेच्या दाराबाहेरून. आत आत्या गुच्छ बांधतेय आणि बाहेर ही काचेला नाक लावून उभी. मोठी झाली, नोकरीला लागली, तरी काचेबाहेरच.

लग्न ठरलं तेव्हा तिने एकच मागितलं. "आत्या, मला त्या दिवशी खरी फुलं हातात धरायचीत. एकदाच."

वहिनी लगेच उसळल्या. "काही नको! कागदाची काय वाईट असतात?"

"माझ्या भाचीच्या हातात कागद?" टाचणी म्हणाली. "वहिनी, वास नसलेली फुलं असतात. एकेक देठ मी स्वतः हुंगून घेईन. माझ्या नाकाची जबाबदारी."

नाकाची जबाबदारी! तेव्हा नाक होतं म्हणून म्हणाली बिचारी. खरंच तसं नाक होतं तिचं. बादलीतलं पाणी शिळं झालंय हे ती दारातून सांगायची. कुठला गुलाब कालचा, कुठला परवाचा, ते न बघता सांगायची. आणि मग हिवाळ्यात तिला तापाने गाठलं. ताप उतरला, खोकला गेला, चव थोडीफार परत आली, नाक मात्र गेलं ते गेलंच. सकाळी कॉफीचा डबा उघडून त्यात तोंड घातलं तर काही नाही. साबण, काही नाही. फिनाईलची बाटली, काही नाही! रडावं तर कुणापुढे? फुलवालीचं नाक गेलं हे बाजारात कळलं तर दुसऱ्या दिवशी तिला कुणी उभं करेल का?

म्हणून तिने कुणालाच सांगितलं नाही. ती लोकांचे चेहरे वाचायला शिकली. कुणी फुलांजवळ वाकलं की ती त्यांच्या नाकपुड्यांकडे बघायची. फुगल्या तर वास आहे. भुवया वर गेल्या तर जोरात आहे. ओठ आवळले तर पाणी बदलायला हवं. फुलं खिडकीत ठेवून माश्या येतात का बघायची. आणि कुणी थेट विचारलंच, "वास कसा वाटतो ताई?" तर तोंडात टाचण्या होत्याच की. "हं." एवढं पुरायचं.

महिने गेले, लग्नाचा दिवस आला, आणि सकाळी हॉलच्या मागच्या खोलीत टेम्पोवाल्याने खोकी उतरवली. तिने झाकण काढलं आणि ते तसंच हातात धरून बघत राहिली. पांढरे गुलाब नव्हते. तिने ठरवलेले ते कडक पाकळ्यांचे, कणभरही वास नसलेले पांढरे गुलाब नव्हतेच. हे दुसरेच होते, किंचित सायीच्या रंगाचे, पोटाशी भरगच्च, सुंदर. भयंकर सुंदर.

तिने फुलवाल्याला फोन लावला. "अहो, हे काय पाठवलंत?"

"ताई, ते आलेच नाहीत हो आज. हे पण तसेच आहेत."

"वास आहे का यांना?"

तो हसला. "मला काय विचारता? वास घेऊन बघा की! तुमच्यासारखं नाक आहे का बाजारात कुणाचं!"

तिने फोन ठेवला. एक गुलाब उचलला आणि त्यात नाक खुपसलं. खोल श्वास घेतला. गार हवा. बस, गार हवा. निशिगंध हुंगला असता तरी तेवढंच.

टेम्पोवाला अजून दारात होता. तिने सहज विचारल्यासारखं करत फूल त्याच्या तोंडासमोर धरलं. "बघा बरं, कसा आहे?"

"आपल्याला सर्दी आहे ताई," तो नाक ओढत म्हणाला. "पण दिसायला झकास!"

तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या बाई आल्या. त्यांच्यापुढेही धरलं. "मला मेलीला फिनाईलशिवाय कसलाच वास येत नाही बघा, दिवसभर हात त्यातच," त्या म्हणाल्या आणि बादली सरकवत निघून गेल्या. खिडकी उघडावी तर खिडक्या पक्क्या बंद, एसी चालू. माशी तरी कुठून येणार?

सांगायला हवं होतं ना? तिथल्या तिथे उठून कुणालातरी सांगायला हवं होतं! पण माणूस घाबरला की हात आपोआप ओळखीचं काम करायला लागतात. तिने गुलाब घेतले, देठ तिरके कापले, एकावर एक फिरवत गोल रचले, मध्ये जिप्सीचे बारीक पांढरे तुरे, बाजूने रुपेरी पानं. स्वतःलाच समजावत होती, पांढऱ्यांना नसतो वास, बहुतेकांना नसतोच, फुलवाला म्हणाला ना तसेच आहेत. बुके बांधून झाला. तिच्या आयुष्यातला सगळ्यात देखणा असेल. आणि तिला तो हातात धरवेना.

दोन करवल्या धावत आल्या. हॉलमध्ये आज कुणीही अत्तर, स्प्रे काही मारायचं नाही असा वहिनींचा हुकूम होता, त्यामुळे पोरी नुसत्याच चमकत होत्या. "आत्या! झाला? आई गं, कसला भारी!" एकीने बुके उचलून त्यात तोंड घातलं आणि टाचणीने श्वास रोखून तिच्या नाकपुड्यांकडे बघितलं. पण दुसरीने फोन काढलेला. पहिलीने डोळे मिटून गोड हसून पोझ दिली. फुलांबरोबरच्या फोटोत सगळ्याच डोळे मिटतात! त्या चेहऱ्यावरून काय कळणार?

"किती फ्रेश ना," पोरगी म्हणाली.

फ्रेश म्हणजे? म्हणजे वास? का नुसतंच दिसायला? टाचणीने विचारायला तोंड उघडलं तर टाचण्या सांडायला लागल्या, त्या सावरेपर्यंत पोरी बुके घेऊन पळाल्यासुद्धा. "नवरीला दाखवतो हं!"

"अगं थांबा!" पण तोंडातून आलं फक्त "अं अं अं".

ती धावली. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खुर्च्यांच्या चवडी, पुढे पोरींच्या टाचांचा टकटक आवाज. डोळ्यांसमोर एकच, ते निळे ओठ. नवरीच्या खोलीच्या दाराशी वहिनी उभ्या होत्या, त्यांनी पोरींना अडवलं होतं, "आत नको गर्दी, केस चाललेत." टाचणीने पोरीच्या हातातून बुके जवळजवळ ओरबाडला.

"काय झालं गं?" वहिनी म्हणाल्या. "भूत बघितलंस का?"

टाचणीने तोंडातल्या टाचण्या तळहातावर थुंकल्या. "वहिनी, याचा वास घ्या."

"मी कशाला? तू घेतलास ना?"

"घ्या हो!"

"तू आधी मला सांग, तुझं ते एवढं मोठं नाक..."

"नाक गेलंय माझं. मला वास येत नाही. कशाचाच."

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. मग बुके हातात घेतला आणि वाकल्या. त्या बोलायच्या आधीच टाचणीला कळलं. नाकपुड्या फुगल्या, भुवया वर गेल्या.

"येतोय," वहिनी म्हणाल्या. "चांगलाच येतोय." आणि त्यांनी बुके लांब धरला. "कधीपासून? कधीपासून गेलंय?"

"तापापासून."

"आणि आत्ता सांगतेस? दारात? माझी पोर आत बसलीय, आणि तू हे तिच्या हातात..." टाचणी मान खाली घालून उभी. तिला वाटलं, आता या मला हॉलबाहेर काढतील, आणि काढावंच. वहिनींनी तो बुके करवलीच्या हातात कोंबला. "हा गेटबाहेर नेऊन ठेव. आणि दोघी जणी साबणाने हात धुवा." मग टाचणीच्या दंडाला धरलं. "रडू नकोस, वेळ नाही. दुसरं काय करता येईल ते बोल."

"स्टेजच्या कमानीत ऑर्किड आहेत. पांढरी अँथुरियम आहेत. त्यांना वास नसतो, मला डोळे मिटून माहितीय."

"डोळे राहू देत. मी हुंगते."

मागच्या खोलीत दोघी जमिनीवरच बसल्या. सजवलेली कमान टाचणीने स्वतःच्या हातांनी मधोमध उसवली होती. ती देठ द्यायची, वहिनी नाकाशी धरून "चल" म्हणायच्या, मगच ते गुच्छात जायचं. ऑर्किड, चल. अँथुरियम, चल. ओल्या नेच्याची पानं, चल. मग टाचणीने सवयीने रुपेरी पानांची फांदी उचलली, आणि वहिनींनी फटकन तिच्या हातावर मारलं.

"हे काय? सर्दीच्या मलमासारखं उठलंय नुसतं!"

टाचणी फांदीकडे बघत राहिली. निलगिरी. वर्षानुवर्षं हीच पानं वापरत होती ती. आणि सकाळीसुद्धा घातली होती, गुलाबांची काळजी करता करता, बाजूने गोल. तिला आठवलंच नव्हतं. वास येत नाही इथवर ठीक, पण पानाला वास असतो हेच ती विसरून गेली होती. तिच्या हातातून टेप सुटली.

"बांध," वहिनी म्हणाल्या, आवाज जरा खाली आणून. "मी धरते, तू बांध."

नवरी बाहेर आली तेव्हा गुच्छ तयार होता. लांब, खाली झुकणारा, हिरवा जास्त आणि पांढरा कमी, पाण्यातून आत्ताच उपसून काढल्यासारखा. नवरीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि कुणी काही म्हणायच्या आत सरळ त्यात चेहरा बुडवला. खोल श्वास घेतला. दोघींनी आपापला श्वास धरून ठेवला.

नवरीने तोंड वर काढलं. "आत्या गं, कसलाच वास नाही!" आणि खट्टू झाली. "मला वाटलं थोडासा तरी असेल."

"गप निघ," वहिनी म्हणाल्या, "लोक थांबलेत."

नवरी दादाचा हात धरून खुर्च्यांमधून चालत गेली. मधोमध उसवलेल्या कमानीकडे कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. टाचणी मागच्या रांगेत, नजर नवरीच्या खांद्यांवर. वर, खाली. वर, खाली. मध्येच नवरीचा हात गळ्याशी गेला आणि टाचणी खुर्चीतून अर्धी उठली, पण नवरीने नुसती साखळी सरळ केली होती.

"बस," शेजारून वहिनी कुजबुजल्या. त्यांचीही मूठ आवळलेलीच. थोड्या वेळाने म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही."

"का गं?"

"परत येणार नाही म्हणाला तर?"

समोर लोक टाळ्या वाजवत होते, नवरी हसत होती, हसताना तिचे खांदे भराभर हलत होते आणि टाचणीला तेही बघवत नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात जाऊ," वहिनी म्हणाल्या. "मी येते बरोबर. आणि तोवर कुणाचं काम घेतलंस तर हुंगायला मला हाक मार. कटकट आहे, पण मार."

टाचणीने मान हलवली. नजर खांद्यांवरून काढली नाही.