माळटिटवीच्या राखणीला अप्पा

उन्हाळी सुट्टी लागली की मी शिरूर अनंतपाळच्या पुढं एका गायरानावर माळटिटव्यांची घरटी बघायला जाते. लातूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. माळटिटवीच्या किती अंड्यांतून पिल्लं निघतात आणि बाकीच्यांचं काय होतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. घरटं म्हणण्यासारखं त्यात काही नसतंच. उघड्या मुरमाड जमिनीत उथळ खळगा, कडेनं चार खडे आणि मातीच्याच रंगाची अंडी. माहीत नसेल तर माणूस त्यावर पाय देऊन पुढं जाईल.

आई गेल्यावर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, उदगीरचं किराणा दुकान माझ्या भावाच्या हवाली केलं आणि ते माझ्याकडं लातूरला राहायला आले. मी एकटी पहाटे स्कूटर काढून माळावर जाते हे कळलं तेव्हा ते छत्री घेऊन दारात उभेच राहिले.

"एकट्या बाईमाणसानं रानात बसायचं न्हाई. मी येतो."

"अप्पा, तिथं दिवसभर गप्प बसावं लागतं."

"मग? मला काय गप्प बसता येत न्हाई व्हय?"

नव्हतंच येत. अप्पांच्या दुकानात चहापत्ती घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तासभर तरी हलत नसे. मराठी, कन्नड, तेलुगू, समोरचा ज्या भाषेत बोलेल तिच्यात अप्पा बोलायचे. माळावर पहिल्या दिवशी हिवराच्या झाडाच्या सावलीत बसल्या बसल्या त्यांनी आमच्या साऱ्या सोयरिकी उगाळल्या. टिटवी काही घरट्याकडं फिरकेना. मी ओठांवर बोट ठेवलं की थोडा वेळ थांबायचे, मग पुन्हा सुरू. शेवटी कंटाळून मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली.

दुर्बिणीतून त्यांना ती दिसली. डोक्यावर काळी टोपी, चोचीपाशी हळदीसारखा पिवळा लोंबता पडदा, लांब पिवळे पाय. चार पावलं चालायची, थांबायची, इकडंतिकडं बघायची. अप्पा कन्नडमध्ये पुटपुटले, "बा अव्वा, कूडू." ये माय, बस. ती अंड्यांवर बसली आणि अप्पांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही.

त्यानंतर माझ्याआधी तेच तयार असायचे. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा कॅन, छत्री. भर दुपारी टिटवी पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार करते, हे मी त्यांना दाखवलं त्या दिवशी परतताना ते स्कूटरवर मागं वळून वळून माळाकडं बघत राहिले. घरी आल्यावर म्हणाले, "तुझी आई असंच ओलं फडकं घेऊन बसायची तुझ्यापाशी. तुला गोवर आला होता तवा."

अप्पांना तंबाखूची सवय होती. आवाज बसला तेव्हा आधी सगळ्यांनी धुळीवर ढकललं. मग गिळताना दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला आणि भावाला बाजूला घेऊन सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. अप्पांना आम्ही काही सांगायच्या आधीच त्यांना ते कळलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी उदगीरच्या जुन्या मित्रांना, व्याह्यांना, दुकानातल्या नोकराला, सगळ्यांना फोन लावले. आवाज घोगरा झालेला, पण तासन्‌तास बोलत होते. काय पाऊसपाणी, कशी हाय तब्येत, असलंच. कुणालाही उद्याचं सांगितलं नाही.

घरी आले तेव्हा गळ्याखाली छिद्र होतं आणि श्वास तिथूनच चालायचा. भावानं हौसेनं शिट्टी आणून दिली, कधी हाक मारायची झाली तर वाजवा म्हणून. अप्पांनी ती ओठांत धरली. वारा तोंडातून येतच नव्हता. त्यांनी शिट्टी पुसून भावाच्या हातात परत दिली आणि त्याच्या गालाला हात लावला.

मी मागं कधी माळटिटवीचा आवाज मोबाईलवर टिपला होता. त्यात मध्येच अप्पांचं बोलणं होतं, "बघ बघ, नवरा आला तिचा, आता तो बसंल." एकदा मी ते ऐकत होते, तर अप्पा दारात येऊन उभे राहिले. पुरतं ऐकलं त्यांनी. मग हात पुढं करून बंद कर म्हणून खुणावलं. त्यानंतर मी ते त्यांच्यासमोर कधी लावलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर धुळीचं म्हणून नको म्हणत होते, तरी अप्पा निघाले. गळ्यावर ओलं सुती फडकं बांधलं आणि छत्री घेऊन स्कूटरपाशी जाऊन थांबले. माळावर गेल्यावर मला बरं वाटलं. घरातली शांतता मला खायला उठायची, पण इथं तर सगळ्यांनीच गप्प असायचं होतं. दोन घरटी सापडली होती. हिवराजवळच्या घरट्याकडं अप्पा बघायचे आणि मी चढापलीकडच्या.

एका सकाळी टिटव्यांचा कलकलाट ऐकून मी चढावर आले. अप्पा उन्हातून पळत होते. दोन्ही हात वर, तोंड पूर्ण उघडं, गळ्यावरचं फडकं सुटून मागं उडालेलं. पुढं एक मोकाट कुत्रं घरट्याच्या रोखानं निघालेलं. टिटव्या त्याच्या डोक्यावर झेपा घेत होत्या, ओरडत होत्या. अप्पांचा मात्र काहीच आवाज येत नव्हता. मी ओरडले, दगड मारला. कुत्रं पळालं तोवर त्यानं खळगा चाटून टाकला होता.

मी पोचले तेव्हा अप्पा खळग्याशेजारी मातीत बसले होते. खांदे हलत होते आणि गळ्याच्या छिद्रातून हवेचा फसफस आवाज येत होता. रडणं असं असतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे ओठ पुन्हा पुन्हा तेच बोलत होते. मला ते वाचता यायला लागलं होतं.

"ओरडलो गं माय. मी ओरडलो."

मी फडकं पाण्यात भिजवून त्यांच्या गळ्यावर बांधलं. दुसऱ्या दिवशी ते घरातली स्टीलची थाळी आणि पळी घेऊन निघाले.

त्याच जोडीनं काही दिवसांनी जरा अलीकडं पुन्हा अंडी घातली. अप्पा लांब बसून राखण करायचे. कुत्रं दिसलं की उठून त्याच्याकडं जायचे आणि मग थाळी बडवायचे, टिटवी बिचकू नये एवढं अंतर ठेवून. मेंढरं घेऊन येणारे धनगरही त्यांना बघून कळप वळसा घालून न्यायला लागले.

टिटवी अंड्यांवर बसलेली असतानाच अप्पांच्या मानेला गाठ आली. आता फारसं काही हातात नाही, असं डॉक्टर म्हणाले. पिल्लं निघायच्या बेतात आली तेव्हा त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं; त्या सकाळीही त्यांनी मला माळाच्या दिशेनं हात करून जा म्हणून सांगितलं. भाऊ त्यांच्याजवळ बसला आणि मी गेले.

खळगा रिकामा होता. तळाशी कवचाचे बारीक बारीक तुकडे होते. म्हणजे पिल्लं निघाली होती. ती जन्मल्या दिवशीच आईबापामागं चालायला लागतात. मी दुपारपर्यंत शोधलं, एकही दिसलं नाही. टिटव्या मात्र माझ्या डोक्यावर ओरडत राहिल्या, म्हणजे पिल्लं जवळच कुठंतरी दबून बसली असणार.

दवाखान्यात पोचले तेव्हा अप्पांचे डोळे मिटलेले होते. मी कानाशी वाकून सांगितलं, "अप्पा, निघाली पिल्लं. सगळी निघाली." त्यांच्या बोटांनी माझं बोट धरलेलं होतं, पण ते आधीपासूनच तसं होतं. ऐकलं की नाही, कोण जाणे. संध्याकाळी ते गेले.

आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात. कपाळाला विभूती लावली, गळ्यात लिंग होतंच. भावानं त्यांच्या गळ्यावर नवं फडकं बांधलं. विधीला आलेले स्वामी म्हणाले, आता त्याची गरज नाही. भावानं ऐकलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ एक दिवस दुकान बंद ठेवून माझ्यासोबत माळावर आला. यापूर्वी तो कधी आला नव्हता.

"अप्पा कुठं बसायचे?"

मी हिवर दाखवला. तो तिथं जाऊन बसला. मी कामाला लागले. थोड्या वेळानं बघितलं तर तो उठून स्कूटरपाशी गेला होता आणि माझ्याकडं पाठ करून उभा होता. खांदे हलत होते.