मगरीबचा रकाना

मासिकाच्या या सदरात लोक जे लिहितात ते मी वाचतो, आणि खरं सांगायचं तर अर्ध्यावर पान उलटतो. मी ड्राफ्ट्समन आहे. माझ्या कामात रेघ एक तर बरोबर असते, नाही तर खोडावी लागते. जिन्न, सावल्या, रिकाम्या घरातले आवाज... आमच्या खाडीकाठच्या गावात असल्या गोष्टी रोज ऐकल्या, एकीवरही विश्वास ठेवला नाही. आजही ठेवत नाही. पण एक वही माझ्या ट्रंकेत चार वर्षं पडून आहे आणि तिच्यातलं एक पान मला खोडता येत नाही.

तेव्हा मी दुबईत, देऱ्याच्या बाजूला, खाडीवर जेट्टी बांधणाऱ्या एका कंपनीत होतो. साहेब डेन्मार्कचा. उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत मॅडमना घेऊन मोटारीनं डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि वरून वळसा घालून नॉर्वे असा प्रवास करायचं त्यानं ठरवलं. चाळीस दिवस. त्याचा सगळा प्लॅन मी केला. ऑफिस सुटल्यावर नकाशे ट्रेस केले, फेरीबोटींच्या वेळा मागवायची पत्रं टाइप केली, आणि एक जाड वही आखली — दर मुक्कामाला एक पान. तारीख, कुठून कुठे, मैल, गाडी कोणी चालवली, शेरा.

साहेबाची पाठ धरलेली, मॅडमना गाडी येत नव्हती. ड्रायव्हर हवा होता. त्यानं निवडलं हसनला.

हसन माझा मावसभाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, माझ्याच शब्दावर कंपनीत लागलेला. अक्षर ओळखत नव्हता, पण कुठलंही इंजिन आवाजावरून ओळखायचा. तो रोज संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन बसायचा आणि नकाशावर बोट फिरवायचा.

"भाई, गाडी कुठच्या अंगानं चालवायची तिथं?"

"सगळीकडे उजवीकडून. फक्त स्वीडनमध्ये डावीकडून."

"आपल्यासारखी? मग स्वीडन आपलंच." (तेव्हा, १९६५ साली, दुबईतही डावीकडूनच चालवत.) "आणि हे वरचं टोक?"

"तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मग मगरीबची नमाज कधी पढायची?"

"मुसाफिराला सवलत असते. जवळच्या गावाची वेळ धरायची."

"त्या गावात पण मावळत नसला तर?"

साहेब दारात उभा राहून ऐकत होता. मी त्याला इंग्रजीत सांगितलं तेव्हा तो खो खो हसला आणि म्हणाला, वहीत त्यासाठी वेगळा रकाना काढ, हसन भरेल. म्हणून मी शेवटचा रकाना आखला — मगरीब. हसन म्हणाला, "मला लिहिता कुठं येतं? मी अंगठा मारीन." वर आणि म्हणाला, "साहेब के साथ अंगठा भी घूमके आएगा!"

मी पण हसलो. पण आतून जळत होतो. नकाशे माझे, इंग्रजी माझं, त्या गावांची नावं मला तोंडपाठ... आणि जाणार हा. साहेबाला बोलायला माणूस नको होता, गाडीखाली झोपून इंजिन दुरुस्त करणारा हवा होता. हे समजत होतं, तरी जळत होतो.

हसननं आईला विचारल्याशिवाय हो म्हटलं नव्हतं. त्याची आई म्हणजे माझी खाला. तिलाही वाचता येत नाही. आमच्यात रीत अशी, की गावचे मास्तर तिकडे तिच्या तोंडून पत्र लिहून घेत आणि इकडे ते मी वाचून दाखवी. आमच्या खोलीतल्या नऊही जणांची पत्रं मीच वाचायचो. कोणाची बायको रुसली, कोणाच्या घरी पाळणा हलला, पहिल्यांदा मला कळायचं. माझ्या तोंडातून निघालं तेच पत्र. कोणी कागद उलटून बघत नसे.

हसनचं पत्र मी लिहून पाठवलं, त्याला तीन आठवड्यांनी बोटीनं उत्तर आलं. जुम्म्याचा दिवस होता. हसन समोर मांडी घालून बसला. मी पाकीट फोडलं.

खालानं लिहवलं होतं — जा. तुझा बाप या खाडीच्या पुढे कधी गेला नाही, तू जा. सूर्य मावळत नाही म्हणतोस, तिथं माझ्या नावानं दुआ माग आणि खरंच मावळत नाही का ते मला कळव.

मी वाचलं — "बेटा, जाऊ नको. गेलास तर मी तुला दूध बख्शणार नाही."

मी काय बोलतोय ते मला कळत होतं. आईनं दूध माफ केलं नाही, तर आमच्यातला माणूस कुठेच पाय टाकत नाही. हसन म्हणाला, "परत एकदा वाच." मी परत वाचलं, शब्द न शब्द तसाच.

"खलास," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

मला वाटलं होतं साहेब आता मला नेईल. त्यानं नाही नेलं. तिकडच्याच एका पुतण्याला घेऊन तो निघाला.

जुलैत जेट्टीवर लोखंडी खांब उतरवताना साखळी सुटली. हसन खाली होता. आम्ही त्याला टेम्पोत घातलं तेव्हा तो शुद्धीवर होता. माझा हात धरून म्हणाला, "भाई, अम्मीला लिही, मी नाही गेलो." एवढंच. इस्पितळात पोचलो तेव्हा मगरीबची बांग होत होती आणि तो संपला होता.

मी खालाला पत्र लिहिलं. साखळीचं लिहिलं. बाकी काही लिहिलं नाही.

सप्टेंबरात साहेब परतला. हसनचं त्याला पत्रानं कळवलं होतं. त्यानं वही माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हसनकडून तू आधीच अंगठा घेऊन ठेवला होतास का? एकाच पानावर का?"

मी वही उघडली. सगळ्या पानांवर मगरीबचा रकाना कोरा होता. नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाच्या पानावर तेवढा अंगठा. जांभळ्या शाईचा, आमच्या गेटवरच्या हजेरीच्या पॅडसारखा. साहेबाची शाई काळी, आणि असलं पॅड त्याच्याकडे कधीच नव्हतं. तारीख साहेबाच्याच हातची, हसन गेला त्या दिवसाची. शेऱ्यात त्यानं लिहिलं होतं: 'सूर्य तसाच वर. मॅडम म्हणतात, गाडीचं मागचं दार कोणीतरी उघडलं.'

वही मी स्वतः आखली होती, पानन् पान. साहेबाला दिली तेव्हा ते पान कोरं होतं. गेटचं जुनं रजिस्टर काढून मी हसनचा ठसा शेजारी ठेवला. त्याच्या उजव्या अंगठ्यावर पत्र्यानं कापल्याची तिरकी खूण होती. ती दोन्हीकडे होती. भिंग लावून पाहिलं, मोजपट्टी लावून पाहिलं. माझं कामच ते.

साहेबाला मी म्हणालो, हो, मीच घेतला होता. दुसरं काय सांगणार?

नंतर मीच वेगवेगळी कारणं शोधली. कोणीतरी थट्टा केली असेल... पण वही साहेबाच्या बॅगेत हजारो मैलांवर होती. हसननं साहेब निघण्याआधी गुपचूप मारला असेल, असंही धरून पाहिलं. पण वाचता न येणाऱ्या माणसाला चाळीस पानांतलं ते एकच पान आणि तो दिवस कसा सापडला? आणि खालानं काय कळवायला सांगितलंय हे तर त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं.

मागच्या रजेत गावी गेलो. खाला ओटीवर बसली होती. तिनं विचारलं, "मी तर जा म्हटलेलं. माझ्या पोरानं माझं का ऐकलं नाही रे?"

चार वर्षं ती हेच धरून बसली आहे. चहा प्यायलो आणि उठलो.

हे मासिक आमच्या गावच्या वाचनालयात येतं. त्याच ओटीवर कोणीतरी ते वाचून दाखवेल. तो जो कोणी असेल, त्याला माझं एवढंच सांगणं आहे. खालासमोर बस आणि हे पहिल्यापासून वाच. माझं खोटं येईल तिथं थांबू नकोस, तिला वाईट वाटेल म्हणून एक शब्द बदलू नकोस. जे लिहिलंय तेच वाच.

आणि शेवटी तिला सांग — खाला, मावळत नाही. हसननं कळवलंय.