ती बादली जरा बघा

समजा, तुमच्या हातात प्लास्टिकची एक फुगलेली पिशवी आहे. आत थोडं पाणी, बरीचशी हवा आणि एक सोनमासा. समोर नवीकोरी काचेची टाकी. तुम्हाला वाटेल, पिशवी उघडावी आणि मासा सोडून द्यावा. तसं केलंत तर मासा गेलाच म्हणून समजा. पिशवी बंद ठेवून आधी अर्धा तास टाकीत तरंगू द्यायची, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच गार होतं. मग तोंड सोडून दर दहा मिनिटांनी टाकीतलं कपभर पाणी पिशवीत ओतायचं. शेवटी मासा जाळीने अलगद टाकीत सोडायचा, पिशवीतलं पाणी मोरीत. टाकीचा दिवा बंद. त्या दिवशी खाणं नाही. आणि एवढ्या वेळात मागून कोणी "झालं का?" विचारलं, तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं.

माझे मामा याला 'ओळख करून देणं' म्हणतात.

"नव्या सुनेला पहिल्याच दिवशी कणीक मळायला बसवतं का कोणी?" ते विचारायचे.

"बसवतात, मामा."

"म्हणून तर माझ्याकडे मासे टिकतात आणि लोकांकडे सुना टिकत नाहीत."

तीस वर्षं मामांनी लोकांच्या टाक्या सांभाळल्या. दुकानांच्या, कचेऱ्यांच्या, आणि एका दातांच्या दवाखान्याची. त्या दवाखान्यात सात सोनमासे होते. सगळ्यात मोठ्याला पेशंटची पोरं ढोल्या म्हणत. दात काढायला आलेलं मूल ढोल्याला बघत बसलं की रडायचं विसरायचं. म्हातारे डॉक्टर म्हणायचे, माझा अर्धा धंदा हाच चालवतो.

म्हातारे डॉक्टर थकले आणि दवाखाना त्यांच्या सुनेच्या हाती आला. या धाकट्या डॉक्टरांनी दोन गल्ल्या पलीकडे मोठी जागा घेतली. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या खुर्च्या, चार फुटी टाकी. मासे हलवायचं काम अर्थातच मामांकडे. मदतीला दवाखान्याच्या सफाईवाल्या मावशी होत्या. त्याही तिथे अकरा वर्षं कामाला. मामांना 'भाऊ' म्हणायच्या आणि त्यांनी चहात आणखी साखर मागितली की टोमणा मारायच्या: "जिभेवर कुठे आहे, चहात तरी घ्या."

सकाळी सगळं रीतसर झालं. मासे नव्या पाण्यात उतरले, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहिले. राहिला होता फक्त टाकीतल्या जुन्या गाळणीचा, म्हणजे फिल्टरचा, स्पंज. काळपट, बुळबुळीत, हातात घ्यायला नको वाटेल असा. पण टाकीचा जीव त्यातच असतो. माशांच्या घाणीतून विष तयार होतं आणि ते पचवणारे जिवाणू त्या बुळबुळीतच राहतात. मी हे कॉलेजात शिकलो. मामा एवढंच म्हणतात, "स्पंज मुरलेला हवा." तो मुरायला महिना-दीड महिना जातो. म्हणून जुना स्पंज बादलीत, जुन्याच पाण्यात बुडवून आणायचा आणि नव्या गाळणीत बसवायचा.

नव्या गाळणीची नळी आखूड निघाली. मामा दुसरी आणायला दुकानात निघाले. जाता जाता म्हणाले, "मावशी, ती बादली जरा बघा."

तासाभराने परत आले तर बादली उपडी वाळत होती. स्पंज खिडकीत, पिवळाधमक, फरशीच्या लिंबाच्या साबणाचा वास मारणारा.

"काय घाण निघाली हो, भाऊ!" मावशींचा चेहरा फुलला होता. "तीन पाण्यांनी धुतला, तेव्हा कुठे रंग दिसला."

मामांचा अर्थ होता, लक्ष ठेवा. मावशींना अकरा वर्षांत ज्याने त्याने 'जरा बघा' म्हटलं होतं, ते पुसा, धुवा, उचला याच अर्थाने. संडास जरा बघा. सांडलंय, जरा बघा.

मामांनी त्यांना काही म्हटलं नाही. धाकट्या डॉक्टरांनाही सांगितलं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मुरलेला स्पंज मागायचा तर झालेलं सांगावं लागलं असतं, म्हणून रोज सकाळी येऊन तिसरा हिस्सा पाणी बदलत राहिले. तेवढ्याने भागलं नाही. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पाचव्या दिवशी, बाहेर पेशंट बसलेले असताना, ढोल्या आडवा होऊन तरंगला. एका मुलीने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि ती रडायला लागली. संध्याकाळपर्यंत आणखी चार गेले.

धाकट्या डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं.

"भाऊंनीच सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या. "बादली बघा म्हणून."

"तुम्ही धुवायला सांगितलं होतं?" डॉक्टरांनी मामांना विचारलं.

"नाही," मामा म्हणाले.

खोटं नव्हतं. पण पुढे बोलायचं बरंच काही होतं. 'बघा' म्हणालो होतो, हे. स्पंजला हात लावू नका असं स्पष्ट सांगायला हवं होतं, हे. मामा 'नाही'वर थांबले. मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"नाहीतरी सफाईला आम्ही एजन्सीची माणसं घेणारच होतो," डॉक्टर म्हणाल्या. मावशींना काढायला महिना संपायचीही वाट बघितली नाही.

उरलेले दोन मासेही आठवड्यात गेले. मामांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या टाकीतून मुरलेला स्पंज आणला, नवे सात मासे आणले, त्यांची ओळख करून दिली. सगळे जगले. दवाखान्याचं काम मामांकडेच राहिलं. मामी म्हणाली, "तुमच्या एका शब्दाने तिची भाकरी वाचली असती." मामा ताटावरून उठले.

दोनेक महिन्यांनी मावशी त्यांना बसथांब्यावर दिसल्या. हातात पिशवी, तब्येत उतरलेली. मामांनी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर त्याच आधी बोलल्या.

"भाऊ, मासे रुळले का?"

मामांनी मान डोलावली. बस आली. त्या चढल्या, मागे न बघता.

तेव्हापासून मामा मला गाठून तेच विचारतात. चहा पिताना, टाकी घासताना, फोनवरसुद्धा. "तू शिकलेला आहेस, तूच सांग. तिने खरंच माशांची चौकशी केली, की मला बोचकारलं?"