अशोकदादांच्या घरचा तिसरा डबा

अशोकदादा हार्ट अटॅकने गेल्याचा फोन आला तेव्हा मी हातकणंगल्याच्या रेल्वे फाटकात अडकलो होतो. सांगायला लाज वाटते, पण रडू यायच्या आधी मला भीती वाटली. आजऱ्याच्या दवाखान्याचा तिसरा डबा, म्हणजे कॉम्प्युटर, दादांच्या घरात होता आणि ही गोष्ट आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. घरी माणसं जमणार, कुणीतरी मोबाईल चार्जिंगला लावायला त्याचा प्लग काढणार... मी तसाच गेलो आणि दिवसभर त्या प्लगला पाठ लावून बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने कोपरा धरलाय.

दादा आणि मी लांबच्या गावांतल्या दवाखान्यांचे सर्व्हर सांभाळायचो. आजऱ्याला दोन होते, एक जुन्या इमारतीत, एक नव्या. दोघांच्या डिस्क मिळून एकच साठा. एकावर लिहिलं की दुसऱ्यावरही उमटायचं, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा काम ओढायचा. मला हा प्रकार फार भारी वाटायचा. दादा मात्र म्हणायचे, "दोघांचं बिनसलं तर सोडवायचं कुणी रं?" मी त्यांना भित्रा म्हणून चिडवायचो.

एकदा भर दुपारी गटार खणताना जेसीबीने दोन इमारतींमधली केबल तोडली. दुसरा मेला असं समजून दोन्ही सर्व्हरांनी कारभार हाती घेतला आणि नोंदी दोन्हीकडे वेगवेगळ्या होत राहिल्या. आम्ही पोचलो तेव्हा एक सिस्टर नव्या इमारतीत येऊन तावातावाने विचारत होत्या, "ह्या बाईला ह्ये इंजेक्शन चालत न्हाय म्हणून मघाशी तिकडं मी सोता भरलंय की! हितं दिसंना कसं?" इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार होतं. सिस्टरांच्या लक्षात होतं म्हणून ती बाई वाचली, आमच्यामुळे नव्हे. दादा तिथंच बाकावर बसले. नंतर दोन दिवस आम्ही एकेक नोंद केसपेपरशी ताडून पाहिली. माझं त्यांना चिडवणं तेव्हापासून बंद झालं.

यावर उपाय म्हणजे तिसरा छोटा डबा. दोघांची गाठ तुटली की कुणी चालू राहायचं आणि कुणी गप्प बसायचं, हे तो ठरवतो. पण तो दवाखान्याबाहेर, वेगळ्या जागी हवा. आमच्या ऑफिसचे साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मग दादांनी घरातला जुना कॉम्प्युटर कपाटाखाली ठेवला आणि इंटरनेटवरून आजऱ्याला जोडून टाकला. "तात्पुरतं हाय," म्हणाले. त्याला सहा वर्षं झाली. साहेब काढायला लावतील म्हणून आम्ही दोघांनी तोंडातून अक्षर काढलं नाही.

दादांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, तेव्हा मी वहिनींना सगळं सांगितलं. "म्हंजी ह्यो बंद पडला तर माणूस मरंल?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "लगेच नाही. पण परत केबल तुटली तर..." साहेबांनाही सांगून टाकलं. नवीन जागा बघतोय, म्हणाले. तोवर मी रोज सकाळी वहिनींना फोन करायचो, "हिरवा दिवा लागलाय का?" आणि त्या म्हणायच्या, "हाय की."

गेल्या आठवड्यात त्यांनी फोन उचलला नाही. तीनदा केला, मग मी कागलहून गाडी कशी हाणली ते माझं मला माहीत. दार उघडंच होतं. वहिनी न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि धापा टाकणाऱ्या मला बघून जागच्या जागी खिळल्या. "भावजी, आजऱ्यात कोण दगावलं?"

"कुणी नाही, वहिनी. तुम्ही फोन उचलला नाही म्हणून..." दादांची भीती मी त्यांच्या गळ्यात बांधून मोकळा झालो होतो, हे मला तेव्हा कळलं. खोलीत डोकावलो तर दिवा हिरवाच होता आणि कपाटाला लागून जमिनीवर एक अंथरूण घातलेलं होतं.

"इथं झोपता?" मी विचारलं.

"ह्ये बी तितंच झोपायचे की, सहा वर्सं," वहिनी म्हणाल्या. "मला वाटायचं, पलंगावर उकडतंय म्हणून."